रक्ताचे नाते : आनुवंशिकतेचा एक धडा

ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे, असा संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा शाळेतील विज्ञान-शिक्षणावर चार शब्द लिहावेत असा आमचा विचार होता. परंतु ट्रस्टच्या कार्यालयात बसलो असता टेबलावरची वधूवर-नोंदणीची वही सहज चाळली आणि विचार बदलला. वहीत जन्मतारीख, शिक्षण, उंची, वर्ण, नोकरी असे रकाने होते. रक्तगटाचाही एक रकाना होता. रक्तगट जुळतो की नाही हे पाहण्याची चाल अलीकडे बरीच पडली आहे. वास्तविक लग्नासाठी रक्तगट जुळावा लागतो असे शास्त्र म्हणत नाही. पत्नीचा गट निगेटिव्ह व पतीचा पॉझिटिव्ह असेल तर बाळंतपणाच्या वेळी डॉक्टरांना ती गोष्ट ठाऊक असावी, एवढेच. मात्र रक्ताविषयी जो प्रश्न लग्नापूर्वी खरोखर विचारावयास हवा, त्याला त्या वहीत रकाना नव्हता. तो प्रश्न कोणता, हे समजण्यासाठी थोडा मागचा अभ्यास करावा लागेल. वाचकांनी कंटाळू नये.

आपले शरीर पेशींचे बनलेले आहे. प्रत्येक मनुष्याचा आरंभ एकाच पेशीपासून होतो. त्या एकीच्या दोन होतात, दोहोंच्या चार, आणि असे होता होता हाडे, कातडी, मेंदू, रक्त सारे तयार होते. ही पेशीविभागणी पाहावयाची असेल तर फार खटाटोप नको. पाण्याने भरलेल्या पेल्याच्या तोंडावर एक कांदा ठेवावा. तीन-चार दिवसांत त्याला पांढरी मुळे फुटतात. मुळाचे टोक सकाळी कापून, रंगद्रव्यात किंचित गरम करून, काचेखाली हलकेच चेपले की सूक्ष्मदर्शकात काही पेशींच्या पोटी रंगीत दोऱ्यांचे तुकडे दिसू लागतात. ही गुणसूत्रे होत. पेशी विभागण्यापूर्वी प्रत्येक गुणसूत्राची हुबेहूब नक्कल तयार होते. मग सारी सूत्रे पेशीच्या मध्यभागी ओळीने उभी राहतात आणि प्रत्येकाची एक प्रत एका टोकाकडे, दुसरी दुसऱ्या टोकाकडे ओढली जाते. आठवीची मुले हे पहिल्यांदा पाहतात तेव्हा वर्गात जी शांतता पसरते ती शिक्षकाला वर्षभर पुरते.

कांद्याच्या पेशीत १६ गुणसूत्रे असतात, मनुष्याच्या ४६. हा ४६ चा आकडाही सहज हाती आला नाही. तीसएक वर्षे सर्व क्रमिक पुस्तकांत ४८ असे छापले जात होते, आणि सूक्ष्मदर्शकातून पाहणाऱ्यांनाही ४८ च दिसत होती! १९५६ साली त्ज्यो आणि लेवान या दोघा शास्त्रज्ञांनी नव्या रीतीने काचपट्ट्या तयार करून ४६ हा आकडा सिद्ध केला. पुस्तकात छापले म्हणून ते खरे मानू नये, याला आम्ही वर्गात हेच उदाहरण देतो. (परीक्षेत मात्र पुस्तकातलेच लिहा, असेही सांगावे लागते.)

या ४६ सूत्रांच्या २३ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतील एक सूत्र पित्याकडून आलेले, एक मातेकडून. आता साध्या विभागणीने बीजपेशी तयार झाल्या असत्या तर मुलात ९२, नातवात १८४ सूत्रे झाली असती. तसे होत नाही, कारण स्त्रीबीज व पुरुषबीज तयार होताना विभागणीची रीत निराळी असते. तेथे प्रत्येक जोडी फुटते आणि जोडीतले एकच सूत्र बीजात जाते. बीजात २३ सूत्रे. दोन बीजे मिळाली की पुन्हा ४६. जोडीतील कोणते सूत्र जावयाचे हे केवळ योगायोगावर अवलंबून असते, जणू २३ वेळा नाणे उडवावे तसे. हिशेब केला तर एका मनुष्याच्या बीजांचे निरनिराळे प्रकार ८३,८८,६०८ होतात. म्हणजे जवळजवळ चौऱ्यांशी लक्ष! आमचे एक शास्त्रीबुवा मित्र हा आकडा ऐकून फार प्रसन्न झाले. आम्ही त्यांना सांगितले की, सूत्रे आपापसांत तुकड्यांची अदलाबदलही करतात, त्यामुळे खरे प्रकार याहून कितीतरी अधिक. पण ते चौऱ्यांशी लक्षांवरच समाधानी राहिले.

गुणसूत्रे कोणी पाहिली नव्हती त्या काळी हा सारा हिशेब एका माणसाने वाटाण्यावरून मांडला. ग्रेगोर मेंडेल हे ब्रून शहरातील ख्रिस्ती मठात राहणारे साधू. पेशाने बदली शिक्षक. शिक्षकाच्या परीक्षेला ते १८५० साली बसले आणि नापास झाले. १८५६ साली पुन्हा बसले, तेव्हाही पार पडले नाहीत. त्याच वर्षी मठाच्या बागेत त्यांनी वाटाण्याचे प्रयोग सुरू केले. गोल दाण्याचा शुद्ध वाण आणि सुरकुतलेल्या दाण्याचा शुद्ध वाण यांचा संकर केला, तेव्हा पहिल्या पिढीत सारे दाणे गोल निघाले. सुरकुती जणू नाहीशी झाली. त्या गोल दाण्यांची रोपे वाढवून आपल्याच परागांनी फळू दिली, तेव्हा पुढच्या पिढीत ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले दाणे मिळाले. तिनास एक असे हे प्रमाण. मेंडेल यांच्या आधीही संकर पुष्कळांनी केले होते. पण दाणे मोजीत बसण्याचे कष्ट त्यांनी घेतले.

त्यांनी काढलेला अर्थ असा: प्रत्येक गुणासाठी जीवाजवळ दोन घटक असतात, एक आईकडचा, एक बापाकडचा. आज आपण त्यांना जनुके म्हणतो. गोलपणाचा घटक प्रभावी, सुरकुतीचा अप्रभावी. दोन्ही घटक अप्रभावी असतील तरच सुरकुती दिसते. एक गोल व एक सुरकुतीचा असेल तर दाणा गोलच, पण सुरकुती त्याच्या पोटात लपलेली. हा निबंध १८६५ साली वाचला गेला, पुढच्या वर्षी छापला गेला आणि कोणी फारशी दखल घेतली नाही. मेंडेल १८८४ साली वारले. १९०० साली तीन शास्त्रज्ञांना स्वतंत्रपणे तेच निष्कर्ष मिळाले, तेव्हा जगाला त्यांची आठवण झाली.

मेंडेल यांच्या वाटाण्याला सुरकुती का पडे, हेही १९९० साली उलगडले. सुरकुतलेल्या दाण्यात पिष्ट तयार करणाऱ्या एका जनुकात मध्येच उपरा तुकडा घुसल्यामुळे ते जनुक बिघडलेले असते. पिष्ट कमी, साखर जास्त. म्हणून कोवळा दाणा पाणी अधिक धरतो आणि वाळताना आक्रसतो. एक जनुक बिघडलेले व दुसरे शाबूत असले तर शाबूत जनुक एकटे काम निभावून नेते. अप्रभावी म्हणजे दुबळा किंवा हलका गुण नव्हे, पुष्कळदा ते न चालणारे जनुक असते, आणि जोडीदार चालता असेपर्यंत त्याची उणीव बाहेर दिसत नाही. ही एवढी गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवली तर पुढचे सारे सोपे आहे.

आता वाटाण्यावरून माणसाकडे येऊ.

काही वर्षांपूर्वी आमच्या आठवीच्या वर्गात एक मुलगा होता. अंगाने लहानखुरा, पाचवीतला वाटावा असा, चेहरा फिकट. दर तीन आठवड्यांनी तो एक-दोन दिवस गैरहजर राही. चिठ्ठी आणीत नसे. एकदा आम्ही त्याला वर्गासमोर उभे करून बरेच बोललो. दुसऱ्या दिवशी त्याची आई शाळेत आली. ओरडली नाही, काही नाही. “सर, त्याला रक्त भरायला न्यावं लागतं. पोरांना कळू नये म्हणून तो सांगत नाही,” एवढेच म्हणाली. विज्ञानाचे शिक्षक म्हणवून घेणाऱ्या आम्हाला त्या दिवशी जी शरम वाटली ती अजून गेलेली नाही. मग त्या बाईंनी सावकाश सारे सांगितले. मुलाला थॅलेसेमिया मेजर होता. नवरा म्हणजे तिचा सख्खा आतेभाऊ. मामाची मुलगी हक्काची म्हणून लहानपणीच ठरलेले लग्न. मुलाचा आजार कळल्यावर सासरी बोलणे सुरू झाले की, हिच्याच पोटात दोष आहे.

थॅलेसेमिया हा रक्तातील हिमोग्लोबिनचा दोष आहे. हिमोग्लोबिनचा रेणू चार साखळ्यांचा असतो, दोन अल्फा व दोन बीटा. बीटा साखळीचे जनुक अकराव्या गुणसूत्रावर आहे. अर्थात ते प्रत्येकाजवळ दोन प्रतींत असते. एक प्रत बिघडलेली असेल तर मनुष्य धडधाकट राहतो. त्याला वाहक म्हणतात. तो आजारी नव्हे, पुढेही होणार नाही. दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तर ते मूल थॅलेसेमिया मेजरचे. जन्मतः ते ठीक दिसते, कारण गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन निराळे असते. काही महिन्यांनी ते ओसरले की मूल फिके पडू लागते. मग दर दोन ते चार आठवड्यांनी, आयुष्यभर, दुसऱ्याचे रक्त. रक्ताच्या प्रत्येक पिशवीबरोबर दोनशे-अडीचशे मिलिग्रॅम लोह शरीरात जाते आणि ते बाहेर टाकण्याची सोय निसर्गाने केलेली नाही. ते हृदयात, यकृतात, ग्रंथींत साठते. लोह काढणारी औषधे आता गोळ्यांच्या रूपात मिळतात. नियमाने घेतली तर ही मुले मोठी होतात, शिकतात, संसार करतात. अस्थिमज्जा बदलण्याचा उपायही आहे, पण त्याला जुळणारा दाता लागतो; सख्ख्या भावंडाची मज्जा जुळण्याची शक्यता चारात एक असते. येथेही मेंडेल यांचाच हिशेब.

भारतात शंभरात तीन-चार माणसे या दोषाची वाहक आहेत, आणि दरसाल सुमारे दहा हजार मुले थॅलेसेमिया मेजर घेऊन जन्मतात असा अंदाज आहे. विदर्भात व नंदुरबारकडे दात्र-पेशीचा आजार, म्हणजे सिकलसेल, अधिक आढळतो. तोही याच जनुकातला निराळा बिघाड, आणि आईबाप दोघेही वाहक असतील तर मुलाकडे जाण्याची रीत तीच.

आईबाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याबाबत चारात एक शक्यता मेजरची, चारात दोन वाहकाची, चारात एक पूर्ण निर्दोष असण्याची. येथे एक गैरसमज फार आढळतो, आणि तो शिकल्यासवरल्या माणसांतही असतो. ‘चारात एक ना? मग पहिले आजारी झाले, आता पुढची तीन बरी होतील.’ असे नाही. नाणे एकदा छापा पडले म्हणून पुढच्या वेळी काटा पडण्यास बांधलेले नसते. मागच्या वेळी काय पडले हे त्याला ठाऊकच नसते. प्रत्येक गर्भाच्या वेळी चारात एक ही शक्यता नव्याने उभी राहते. आम्ही हे वर्गात साठ मुलांकडून प्रत्येकी दोन नाणी उडवून करून घेतो. दोन्ही काटे पडलेली मुले हात वर करतात तेव्हा साधारण पंधरा हात दिसतात, पण एखाद्या बाकावर ओळीने तीन हात वर असतात आणि पलीकडच्या चार बाकांवर एकही नसतो.

दोष दोघांकडूनही येतो. एकट्या आईकडून हे मूल होऊच शकत नाही. मुलगी झाली म्हणून सुनेला बोलणाऱ्या घरांनाही हेच सांगावयाचे. मुलगा की मुलगी हे ठरविणारे वाय सूत्र फक्त पित्याजवळ असते. बायकांवर शंका घेण्याची खोड जुनी आहे. हदीसमध्ये एक प्रसंग येतो. एक ग्रामीण अरब पैगंबरसाहेबांकडे तक्रार घेऊन आला की, आपल्या पत्नीला काळे मूल झाले. त्यांनी त्याला त्याच्या उंटांचा रंग विचारला. तांबडे, तो म्हणाला. त्यांत एखादा राखी आहे का? आहे. तो कोठून आला? कदाचित कुळातल्या एखाद्या जुन्या मुळाने ओढला असेल. मग तुझ्या मुलालाही तसेच झाले असेल, असे सांगून त्याला परत पाठविण्यात आले. वाटाण्यातील लपलेली सुरकुती वर्गात शिकविताना हा प्रसंग आम्हाला हटकून आठवतो.

आता नात्यातील लग्नाचा प्रश्न. हा नाजूक आहे, कारण तो आमच्या घरचाही आहे. मुसलमानांत चुलत, मावस, आते, मामे या सर्व भावंडांत लग्ने होतात. आमच्या शेजारच्या मराठा व इतर घरांत मामाची मुलगी चालते. आणि येथून जवळच, कन्नड मुलखात, मामा-भाचीचेही लग्न लागते. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या आप्तसंबंधांवरील ग्रंथात या चालींचे विवेचन आहे. धर्माने नात्यातील लग्नाची मुभा दिली आहे, आज्ञा दिलेली नाही. हा फरक आपण विसरतो.

शास्त्र काय म्हणते? एखादा मनुष्य वाहक असेल तर ते जनुक आईकडून आले असण्याची शक्यता दोनात एक. तसे असेल तर त्याच्या मामाजवळही ते असण्याची शक्यता पुन्हा दोनात एक, आणि मामाकडून मुलीकडे जाण्याची आणखी दोनात एक. म्हणजे मामेबहीण त्याच कारणाने वाहक असण्याची शक्यता आठात एक. परक्या घरातील मुलगी वाहक असण्याची शक्यता पंचविसात एक धरू. फरक एवढाच, पण तो लहान नाही. आणि थॅलेसेमियाखेरीज जे अत्यंत विरळ दोष आहेत, त्यांच्या बाबतीत फरक पुष्कळच वाढतो. इंग्लंडमधील गॅरड नावाच्या डॉक्टरांना १९०२ साली हेच दिसले. लघवी काळी पडण्याच्या एका दुर्मिळ विकाराच्या मुलांचे आईबाप वारंवार सख्खी चुलत-मामे भावंडे निघत. त्यावरून मनुष्यातही मेंडेल यांचा नियम चालतो हे प्रथम ध्यानात आले. चार्ल्स डार्विन यांनी १८३९ साली मामेबहिणीशी लग्न केले. त्यांची दहापैकी तीन मुले लहानपणीच गेली, आणि आपले नाते त्यास कारण झाले की काय ही रुखरुख त्यांना लागून राहिली होती.

तथापि, भीती घालणे हा आमचा हेतू नाही. ब्रॅडफर्ड शहरात पाकिस्तानी कुटुंबांचा मोठा अभ्यास होऊन २०१३ साली तो प्रसिद्ध झाला. जन्मजात व्यंगाचे प्रमाण शंभरात सुमारे तीन असते, ते सख्ख्या चुलत-मामे भावंडांच्या मुलांत शंभरात सुमारे सहा आढळले. दुप्पट, हे खरे. पण शंभरातील चौऱ्याण्णव मुलांना असे काही नव्हते, हेही खरे. शिवाय नात्याबाहेर लग्न केले की सुटका झाली असेही नाही. त्याच जातीत, त्याच जमातीत मुलगी पाहावयाची, तर वाहकांची गाठ तेथेही पडते. म्हणून खरा उपाय नाते मोजण्याचा नसून रक्त तपासण्याचा आहे.

हे इतरांनी करून दाखविले आहे. सायप्रस बेटावर शंभरात सुमारे पंधरा माणसे वाहक. तेथील चर्चने १९८३ पासून लग्नापूर्वी तपासणीचा दाखला मागण्यास आरंभ केला, आणि थॅलेसेमिया मेजरचे जन्म जवळजवळ थांबले. इराणने १९९७ साली लग्नापूर्वीची तपासणी देशभर सुरू केली: प्रथम वराची, त्याच्या रक्तपेशी लहान आढळल्या तर वधूची, दोघेही वाहक निघाले तर सल्ला दिला जातो, निर्णय त्यांचा त्यांनी घ्यावयाचा. सौदी अरबस्तानात अशी तपासणी २००४ पासून सक्तीची आहे.

त्या मुलाच्या आईशी बोलणे झाल्यावर आम्ही घरी येऊन पत्नीशी चर्चा केली. आमचे लग्नही मावशीच्या घरातलेच. दोघांनी रक्त दिले. पत्नी निर्दोष, वाहक निघालो आम्ही! तरुणपणी एका दवाखान्यात रक्त कमी म्हणून आम्हाला कित्येक महिने लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या. वाहकाच्या रक्तपेशी लहान व फिक्या असतात, त्यामुळे अशी गफलत होते आणि लोह कमी नसता गोळ्या चालू राहतात. पुढे मुलांची तपासणी झाली. थोरली मुलगी वाहक आहे. तिची परवानगी घेऊनच हे लिहीत आहोत. आमच्या थोरल्या बहिणीची, म्हणजे आपांची, फार दिवसांची इच्छा होती की ही मुलगी सून म्हणून आपल्या घरी यावी. आम्ही तपासणीचे बोललो तेव्हा आपा दुखावल्या. “आपल्या खानदानात असलं काही नाही, भाई,” म्हणाल्या. आम्ही स्वतःचा अहवाल त्यांच्यापुढे ठेवला. आम्ही वाहक, म्हणून आपा वाहक असण्याची शक्यता दोनात एक, भाच्याची चारात एक. चहा निवून गेला, तरी आपा त्या कागदाकडे पाहत होत्या. आठवड्याने भाचा आपण होऊन रक्त देऊन आला. त्याचे जनुक शाबूत आहे. लग्नाचे काय ते मुलीचे शिक्षण झाल्यावर ती ठरवील. निदान त्या दोघांच्या बाबतीत या कारणाने नाही म्हणण्याची गरज उरलेली नाही.

वाहकाने लग्न करू नये असे नव्हे. त्याने दुसऱ्या वाहकाशी करताना विचार करावा, एवढेच. लग्न आधीच झालेले असेल आणि दोघे वाहक निघाले, तर गर्भ सुमारे अकरा आठवड्यांचा असताना तपासणी करता येते. ती वेळ टळू नये म्हणून अशा जोडप्याने दिवस राहिल्याबरोबर डॉक्टरांकडे जावे.

ट्रस्टच्या विश्वस्तांना आमची विनंती अशी की, वार्षिक रक्तदान शिबिराच्या दिवशीच अविवाहित तरुण-तरुणींच्या या तपासणीची सोय करावी. अहवाल बंद पाकिटात ज्याचा त्याच्याच हाती द्यावा. वधूवर-नोंदणीच्या वहीत तो लिहू नये, नाहीतर उद्या ‘वाहक’ हीच एक नवी जात व्हावयाची. वहीत फक्त ‘तपासणी झाली आहे’ असा रकाना पुरे; बोलणे पुढे गेले म्हणजे दोन्ही घरांनी एकमेकांना अहवाल दाखवावा. ही बोलणी साखरपुड्याच्या आधी व्हावीत. नंतर कळले तर खरे सांगण्याचा धीर कोणाला होत नाही.

तपासणी दोन टप्प्यांची असते. आधी साधी रक्तगणना; तीत पेशी लहान आढळल्या तर हिमोग्लोबिनची ए-टू तपासणी. तिचा आकडा साडेतीन टक्क्यांच्या वर गेला तर मनुष्य बहुधा वाहक समजावा. सीमेवरचा आकडा डॉक्टरांना दाखवावा. मागील तीन महिन्यांत रक्त चढविले असेल तर तसे आधी सांगावे, कारण मग अहवालावर भरवसा ठेवता येत नाही. उपाशीपोटी येण्याची गरज नाही, आणि ही तपासणी आयुष्यात एकदाच पुरते.